उतरलेलं वजन

माघातल्या एका सकाळी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून नारळ खवत होतो. बायको आदल्या दिवशी शिरोड्याला आपल्या बहिणीकडे गेली होती आणि दुसऱ्या दिवशी परतणार होती. घरात मी एकटाच. आमच्याकडे नारळ खवायला आडाळो असतो. एक बुटकी फळी, तिच्या टोकाला दातेरी लोखंडी पातं. फळीवर बसायचं आणि नारळाची कवड, म्हणजे फोडलेलं अर्धुक, त्या पात्यावर फिरवायची. भाजीत घालायला चमचाभर खोबरं हवं होतं. तेवढं खोबरं खायची परवानगी मला होती, म्हणजे मीच मला दिलेली होती. गॅसवर भाजीसाठी पाणी ठेवलं होतं.

खवून झालं आणि मी उठायला गेलो. उठलोच नाही.

पाय मुरगळला नव्हता. कंबर धरली नव्हती, चक्कर आली नव्हती, छातीत दुखत नव्हतं. पाय तिथेच होते, बोटं हलत होती. मी गुडघ्यांवर हात टेकून अंग वर घेतलं, ते वीतभर वर आलं आणि परत फळीवर बसलं. पुन्हा केलं. तिसऱ्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या. पोत्यातून धान्य सांडावं तसा मी खाली बसलो. बसून स्वतःच्या पायांकडे बघत राहिलो. राग आला नाही की भीती वाटली नाही. आधी वाटलं ते एवढंच, की हे कुणाचे पाय आहेत?

मग गॅसवरचं पाणी आटल्याचा आवाज यायला लागला. भांडं कोरडं पडून तडतडत होतं. आता मात्र घाबरलो. बुडावर सरकत सरकत ओट्यापर्यंत गेलो. ओट्याची कड हातात आली, पण त्या हातांनाही मला वर ओढता येईना. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं स्टूल होतं ते पायाने ओढलं, त्यावर आधी छाती टाकली, मग पोट, मग एक गुडघा. असा मी माझ्याच घरातल्या स्टुलावर चढलो. बटण बंद केलं. भांड्याचा तळ काळा झाला होता.

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते साखरेचं. कमी झाली असणार. यंत्र काढलं, बोटाला टोचलं. एकशे आठ. म्हणजे उत्तम. बीपीचं यंत्रही घरात होतं, तेही म्हणालं, सगळं ठीक आहे. मी खुर्चीत बसून त्या दोन्ही यंत्रांकडे बघत होतो. दोघांच्या मते मला काहीच झालं नव्हतं.

बायको दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिला काळं भांडं दिसलं. पाणी विसरलो, असं मी सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही.

हे मला एवढं का लागलं ते कळायला माझी नोकरी सांगावी लागेल. मी तेहतीस वर्षं वीज खात्यात वायरमन होतो. कसालच्या आजूबाजूची गावं, मग काही वर्षं फोंडाघाट, मग परत इकडे. खांबावर चढणं हे माझं काम. पावसाळ्यात फांदी पडून तार तुटली की शिडी गाडीतून उतरवून खांद्यावर घ्यायची, चिखलातून शेताच्या मधोमध असलेल्या खांबापर्यंत न्यायची आणि वर जायचं. कमरेला पट्टा असायचा, पण अंग तोलायचं ते मांड्यांनीच. कधी कधी तासभर तसं राहावं लागे. खाली उतरल्यावर गुडघे जरा कुरकुरत, एवढंच. व्यायाम हा शब्द आमच्या तोंडात नव्हता. अंग असतंच, जसं घराला छप्पर असतं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

निवृत्तीनंतर पाच वर्षांनी साखर निघाली. तेव्हा माझं वजन ब्याऐंशी किलो होतं, पोट सुटलं होतं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी गोळी दिली, भात निम्मा करा म्हणाले, गोड बंद, रोज चाला, वजन उतरवा. मी ते खात्यातल्या आदेशासारखं घेतलं. भात निम्मा करा म्हणाले, मी बंद केला. सकाळची पेज बंद केली. तळलेलं बंद केलं, ते बरोबरच होतं. मग कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की अंड्याने रक्तवाहिन्या तुंबतात, तेव्हा अंडी गेली. आणखी कुठेतरी वाचलं की या वयात मासे पचत नाहीत, मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून मासेही गेले. समुद्रापासून तासाभरावर राहणारा माणूस मी, आणि बांगडा शेजारच्या ताटात बघायचो. संध्याकाळी वाटीभर भाजी आणि एक नाचणीची भाकरी, तीही कधी अर्धीच. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास चालायचो.

वजन उतरलं. पहिल्या वर्षी आठ किलो, मग हळूहळू आणखी. पट्ट्याला मी खिळ्याने नवी भोकं पाडत गेलो. साखर आटोक्यात आली, गोळी निम्मी झाली. गावात लोक थांबवून विचारायचे, काय केलं म्हणून. डॉक्टरांनी एकदा बाहेर बसलेल्या पेशंटांना माझा रिपोर्ट दाखवला होता. खोटं कशाला सांगू, मला त्याचा फार अभिमान होता. एकोणसत्तराव्या वर्षी मी एकसष्ट किलोंवर आलो. लग्नात होतो तेवढा.

फक्त बायकोला ते पटत नव्हतं. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगाने भरलेली. दोन्ही वेळा भात खाते, मासळी असेल तर दोन तुकडे जास्त. आणि तीच विहिरीतून कळशी ओढते, काजूच्या बागेत पाला गोळा करते, सरपणाचा भारा डोक्यावरून घरी आणते. वर्षभर ती एकच वाक्य बोलत होती.

"तुमचा आंग खंय गेला?"

अंग कुठे गेलं म्हणून ती विचारते, म्हणजे तिला माझं पथ्य सहन होत नाही, असं मला वाटायचं. बारीक होणं म्हणजे तब्येत जाणं असं मानणारी ही जुनी माणसं, असं मी मनातल्या मनात म्हणायचो. मी तिच्याहूनही जुना आहे हे विसरून.

त्या सकाळनंतर मी जमिनीवर बसणंच सोडलं. देवपूजा उभ्याने करायला लागलो. कुणी विचारलं तर गुडघ्याचं कारण सांगायचो, गुडघ्याचं कारण सगळ्यांना पटतं. पण आता एकेक गोष्ट दिसायला लागली. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी कितीतरी महिने बायकोकडून काढून घेत होतो. एसटीच्या पायरीवर चढताना दांडा धरून मी स्वतःला ओढून घ्यायचो, आणि ते कधीपासून, ते आठवेना. गॅसचा सिलिंडर आता मी लवंडून घरंगळत आणायचो. यातलं काहीही एका दिवसात झालेलं नव्हतं. पण मी ते होताना पाहिलंही नव्हतं. रोज सकाळी आरशात बघून पोट गेलं म्हणून खूश होणारा मी, बाकी काय गेलं ते मला दिसलं नाही.

सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट ही की मी चालू शकत होतो. एक तास, सव्वा तास, सपाट रस्त्यावर झपाझप. जो माणूस पाच किलोमीटर चालतो त्याला वीतभर उंचीवरून उठता येत नाही, हे कसं? मी त्याचा विचार करत चालायचो आणि घरी येऊन खुर्चीतच बसायचो.

चैत्रात माझ्या जोडीदाराच्या नातीचं लग्न होतं. जोडीदार म्हणजे कामावरचा. खांबावर एकटा माणूस कधी जात नाही, खाली एक लागतोच. लाइन बंद आहे याची खात्री करणारा, सामान दोरीने वर देणारा, वरच्याकडे डोळा ठेवणारा. आम्ही दोघांनी अठरा वर्षं आळीपाळीने हे केलं. तो बंदरावरच्या मुसलमान घरातला, बाप-चुलते मासेमारीत, हा एकटाच खात्यात आला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एकदा पावसात तो खांबावर असताना त्याच्या मदतीला मी शिडी चढत होतो, माझा पाय सटकला तेव्हा त्याने वरून माझं मनगट धरलं होतं आणि मी त्याचं. आम्ही दोघेही ते कधी बोलून दाखवत नाही.

लग्नाचं जेवण घरासमोरच्या मांडवात होतं. पाहुण्यांसाठी टेबलं होती, पण त्याने मला घरच्या माणसांबरोबर आत बसवलं. जमिनीवर चटया, सहा-सहा जणांच्या मधे एक मोठा थाळ. मी टेबलावर बसतो म्हणालो, तर तो म्हणाला की तू काय पाहुणा आहेस का. माझ्यापुढे पर्याय राहिला नाही. बसणं सोपं असतं, सोडून दिलं की अंग खाली येतं. थाळातलं मी काकडी आणि कांदा तेवढा खाल्ला. तो समोरून बघत होता.

जेवणं झाली, सगळे उठले, हात धुवायला गेले. मी बसून राहिलो. मांडी बदलली, इकडेतिकडे बघितलं, कुणाशी तरी बोलतोय असं दाखवलं. थाळ उचलायला माणसं आली, चटई गुंडाळायला थांबली. मी एका हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला आणि तिथेच कलंडलो. बायको बायकांच्या खोलीच्या दारात उभी होती. तिने ते पाहिलं.

जोडीदार पुढे आला. त्याने हात पुढे केला, मी तो धरला. त्याने मला वर घेतलं, पण घेतल्यावर हात सोडला नाही. माझा पंजा आपल्या पंजात दाबून बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला,

"हो हात तुझो न्हय रे. तुझो हात खंय गेलो?"

हा हात माझा नव्हे, असं तो म्हणत होता. बायकोनेही तेच विचारलं होतं, पण ते मी कानाआड केलं होतं. याचं तसं करता येत नव्हतं. या माणसाने माझ्या पकडीवर आपला जीव ठेवला होता.

घरी येताना रिक्षात, कसाल मागे पडल्यावर, बायकोने विचारलं, असं किती दिवस चाललंय. मी त्या सकाळचं सगळं सांगितलं. स्टुलावर पोट टाकून चढल्याचंही. मला वाटलं होतं ती चिडेल. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी माका सांगूचा होता."

जोडीदाराची एक भाची कुडाळला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. त्याने मला न विचारता तिच्याकडे माझं नाव लावलं आणि वार कळवला. मी जायला तयार झालो, कारण मला आता एखादा रोग हवा होता. चमत्कारिक वाटेल, पण खरं आहे. काहीतरी सापडावं, त्याला नाव असावं, त्यावर गोळी असावी. माझ्यासारखा नियमाने वागणारा माणूस विनाकारण असा होतो, हे मला मान्य होत नव्हतं.

ती तिशीची मुलगी, बोलायला मऊ, कामाला कडक. मला काका म्हणायची. मी माझी फाइल पुढे केली, तीन वर्षांचे साखरेचे आकडे. तिने ते चाळून बाजूला ठेवले आणि एका साध्या लाकडी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"काका, हात छातीवर बांधा आणि पाच वेळा उठा-बसा. हात सोडायचे नाहीत."

मी मनात म्हटलं, हे काय. पहिल्यांदा उठलो. दुसऱ्यांदा उठलो, पण पुढे झोक गेला. तिसऱ्यांदा बूड खुर्चीपासून सुटलंच नाही. तिने थांबवलं. मग एक यंत्र माझ्या हातात दिलं, जोरात दाबा म्हणाली. मी दात खाऊन दाबलं. काटा बघून तिने आकडा लिहून घेतला. पोटरीला टेप लावला, तेही लिहिलं. मग माझ्याबरोबर आलेल्या बायकोला म्हणाली, काकी, तुम्हीही बघा करून. बायको हात बांधून पाच वेळा उठली आणि विचारलं, आणखी करूचा काय? मी भिंतीकडे बघत होतो.

मग तिने विचारलं की काय खाता. मी सगळं सांगितलं, अभिमानानेच सांगितलं. ती ऐकत होती, मधे मधे बायकोकडे बघत होती. शेवटी म्हणाली,

"काका, वीस-एकवीस किलो उतरले ते चरबीचेच उतरले, असं तुम्हाला वाटतं का?"

मला तसंच वाटत होतं. वजन म्हणजे चरबी, दुसरं काय असतं? तिने समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. माणूस कमी खातो तेव्हा अंग आतलं खर्चायला काढतं. चरबी जाते, पण मांसही जातं. म्हाताऱ्या अंगाचं मांस आधीच दरवर्षी थोडं थोडं झिजत असतं, त्याला टिकवायला जास्त सकस खावं लागतं आणि जोराचं काम द्यावं लागतं. मी दोन्ही तोडली होती. मासे, अंडी नाहीत, डाळही पातळ. आणि काम म्हणाल तर सपाट रस्त्यावर चालणं. ते हृदयाला चांगलं, पण मांड्यांना त्यात नवं काही उचलावं लागत नाही. वर तिने आणखी एक सांगितलं आणि ते ऐकून मी पुरता चक्रावलो. जेवल्यावर रक्तात येणारी साखर ओढून घेतं ते मुख्यतः हेच मांस. ते आटलं तर साखरेला जायला जागा कमी. म्हणजे साखरेसाठी मी जे करत होतो, ते पुढे साखरेवरच उलटणार होतं.

मी विचारलं की मग माझे रिपोर्ट चांगले कसे. ती म्हणाली, खाताच इतकं कमी, तर वाढणार कुठून?

मी तिच्याशी वाद घातला. मला सांगितलं तेच मी केलं, असं म्हणालो. डॉक्टर म्हणाले वजन उतरवा, मी उतरवलं. आता तुम्ही म्हणता ते चुकलं. उद्या तिसरा काही सांगेल. माणसाने ऐकायचं कुणाचं? माझा आवाज चढला असावा, बायकोने माझ्या दंडाला हात लावला. ती मुलगी रागावली नाही. तुमच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय आणि मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय खाणं वाढवू नका, असं तिने स्वतःच सांगितलं.

दोन दिवसांनी मी डॉक्टरांकडे गेलो तो भांडायच्या तयारीने. त्यांनी सगळं ऐकलं. मग माझा जुना केसपेपर मागितला. तो माझ्याच फाइलीत, सगळ्यात खाली होता. सहा वर्षांपूर्वीचा, त्यांच्या अक्षरातला. त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. भात निम्मा, साखर बंद, चालणे. आणि त्याखाली एक ओळ: मासे, अंडे, डाळ चालेल.

मी ती ओळ दोनदा वाचली. अक्षर स्पष्ट होतं. हा कागद माझ्या घरात, माझ्या कपाटात सहा वर्षं होता. मी तो निदान चार वेळा तरी काढला असेन. मग मी वाचलं काय होतं? आजही मी छातीठोक सांगू शकत नाही. बहुतेक मला ज्या ओळी करून दाखवायच्या होत्या तेवढ्याच मी वाचल्या. डॉक्टर म्हणाले, त्यांचीही चूक आहे. वजन उतरतंय बघून ते खूश झाले, कशाने उतरतंय ते दर वेळी विचारायला हवं होतं. एका डॉक्टरने माझ्यासमोर असं म्हणणं मी प्रथमच ऐकत होतो, त्यामुळे माझं भांडण तिथेच विरघळलं. भांडायला कुणी उरलं नाही, फक्त मी उरलो.

त्यांनी रक्ताच्या बऱ्याच तपासण्या करायला लावल्या. थायरॉईड ठीक, मूत्रपिंड ठीक. एक व्हिटॅमिन कमी निघालं, त्याची इंजेक्शनं घेतली. मला वाटलं, चला, हेच ते. त्यांनी मान हलवली. हेही आहे, पण हेच नाही. बायको बरोबर होती म्हणून सहज तिचं बीपी बघितलं तर ते चांगलंच वाढलेलं. त्यांनी पुन्हा मोजलं, मग आठवड्याने परत बोलावून मोजलं. तिलाही गोळी सुरू झाली, मीठ-लोणचं कमी करायला सांगितलं. घरी आल्यावर ती ओटीवर बसून राहिली. "माका तर काय्येक होणा नाय," असं दोनदा म्हणाली. मला तिच्या शेजारी बसावंसं वाटलं, पण ओटी जमिनीलगत होती, म्हणून मी खुर्ची आणून तिच्याजवळ बसलो. सरपणाचा भारा उचलणारी ती आणि तासभर चालणारा मी. दोघांनाही आपापल्या अंगाचं काही कळलेलं नव्हतं.

मग ते सुरू झालं. रोज सकाळी जेवणाच्या खुर्चीवर एक उशी ठेवून मी उठ-बस करायचो, आधी टेबलाला हात लावून, मग हात सोडून. पायाला रबराचा पट्टा अडकवून ओढायचं. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन टाचा उचलायच्या. एक दिवस करायचं, एक दिवस मांड्यांना विश्रांती. बायको दारात उभी राहून मोजायची, आणि मी एखादी अर्धवट केली तर ती मोजणीत धरायची नाही. जेवणात सकाळी अंडं आणि वाटीभर पेज आली. दुपारी मासे, नसतील त्या दिवशी कुळथाची पिठी किंवा जाड डाळ, आणि मूठभर भात. पहिला बांगडा खाल्ला तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं. चव लागली, पण घशाखाली उतरताना मी मनात आकडे मोजत होतो.

पहिल्या महिन्यात साखर थोडी वाढली, वजन सव्वा किलोने वाढलं. मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अपेक्षितच आहे, थांबा. त्यांनी गोळीचा डोस थोडा बदलला. बाहेर लोक बोलायला लागले. जे आधी विचारायचे की बारीक कसे झालात, तेच आता म्हणायचे, पथ्य सुटलं वाटतं. त्यांना काय सांगायचं ते मला कळायचं नाही. वजनाच्या काट्यावर उभा राहिलो की आकडा वाढल्याची खंत वाटायची आणि त्याच वेळी खुर्चीतून सलग सहा वेळा उठल्याचा आनंदही. दोन्ही एकाच छातीत. यातलं खरं कुठलं, हे ठरवणं मी काही दिवसांनी सोडून दिलं.

आषाढापर्यंत मी हात बांधून पाच वेळा उठू लागलो. भाचीने यंत्र दाबायला दिलं तर काटा आधीपेक्षा पुढे गेला. थोडाच, पण गेला. एके दिवशी मी चटई पसरली, बायकोला समोर उभं केलं आणि जमिनीवर बसलो. एका गुडघ्यावर आलो, दुसऱ्या गुडघ्यावर हात दाबला आणि उठलो. डौल काही नव्हता, म्हशीसारखा उठलो. पण उठलो. बायको म्हणाली, "आता परत बसा नि परत उठा, म्हणजे माका खरा वाटात." मी परत बसलो आणि परत उठलो.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. भाद्रपदात मला ताप आला. नऊ दिवस अंथरुणात. अंग ठणकत होतं, जेवण जात नव्हतं. ताप उतरल्यावर न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागली. खुर्चीतून एकदा उठलो, दुसऱ्यांदा नाही. चार महिन्यांत मुंगीच्या पावलाने कमावलेलं नऊ दिवसांत गेलं. मी भाचीला फोनवर विचारलं, हे कसलं गणित? यायला महिने आणि जायला आठवडा? ती म्हणाली, या वयात गणित असंच असतं काका, पण एकदा आलेलं परत यायला आधीएवढा वेळ लागत नाही. हे तिने मला धीर देण्यासाठी म्हटलं की खरंच तसं असतं, ते मला तेव्हा समजलं नाही. उशी परत खुर्चीवर आली. या वेळी उंचीसाठी दोन ठेवल्या.

जोडीदार त्या आठवड्यात भेटायला आला. बंदरावरून ताजी सुरमई घेऊन आला होता, ती त्याने बायकोच्या हातात दिली आणि माझ्यासमोर बसला. मी त्याला सगळी कहाणी सांगितली, तापाची, परत खाली आल्याची. मला हे सारं कळतच नाही, असं मी म्हणालो. तेहतीस वर्षं मी तारांमधली अडचण शोधून काढली, कुठे तुटलंय ते खांबाखाली उभा राहून सांगायचो. या अंगात कुठे काय जोडलेलं आहे ते मात्र मला समजत नाही. त्याने ऐकून घेतलं. मग आपली लुंगी जरा सावरली आणि म्हणाला,

"भाचयेन माकाय धरल्यान. त्या लग्नानंतर माझीय परीक्षा घेतल्यान."

"मगे?"

"चार झाले. पाचवो नाय झालो."

आम्ही दोघेही हसलो नाही. हसण्यासारखं आहे की नाही तेच ठरत नव्हतं. तो माझ्याहून मोठा, अजून होडी ओढायला हात लावतो, आणि त्याचाही पाचवा झाला नव्हता. मग मला ज्याने उचललं त्याच्या हातात तेव्हा किती जोर होता, आणि किती नुसती सवय?

आतून माशाला हळद-मीठ लावल्याचा वास आला. बायकोने बाहेर येऊन विचारलं की तुम्ही दोघे किती तुकडे खाणार. मीठ कमी घातलंय, हेही सांगितलं, जरा नाराजीने. जोडीदार म्हणाला, दोन-दोन. मी तीन म्हणालो आणि म्हटल्यावर साखरेचा आकडा आठवला. तरीही बदललं नाही.